बिनऑइलच्या फेऱ्या

मला राग लवकर येतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी नाक मुरडायला नको. कोल्हापुरात माझं गॅरेज आहे, तिथे मी दिवसभर ओरडत असतो आणि गिऱ्हाइकांना त्याची सवय झाली आहे. पण जानेवारीत चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाऊन आल्यापासून जो राग डोक्यात बसलाय तो काही केल्या उतरत नाही. शेवटी बायको म्हणाली, कागदावर काढा काय ते, निदान घरातली भांडी तरी वाचतील. म्हणून लिहितोय.

राग आहे चैतूवर. चैतू माडिया, गाव भामरागडच्या अलीकडे जंगलात आणि नोकरी चंद्रपूरजवळ ऊर्जानगरात, वीज केंद्रात फिटर म्हणून. तरुणपणी आम्ही दोघं मोटोक्रॉसच्या शर्यतींत उतरायचो. मोटोक्रॉस म्हणजे डांबरी रस्त्यावरची शर्यत नव्हे. माती, चिखल, चढ-उतार, उड्या, आणि शेवटी गाडीवर कोण उरतो ते बघायचं. परदेशी गाड्या आमच्या बापजन्मात कुणी बघितल्या नव्हत्या. रस्त्यावरचीच गाडी घ्यायची, नको ते कापून टाकायचं, मातीत रुतून पकड घेणारे गोट्यांचे टायर चढवायचे आणि देवाचं नाव घ्यायचं.

आमची पहिली गाठ नागपूरबाहेरच्या एका बंद खदानीतल्या शर्यतीत पडली. माझ्याखाली शंभर सीसीची जपानी वळणाची गाडी, हलकी, चपळ, हात लावला की पळणारी. त्याच्याखाली एकशे पंच्याहत्तर सीसीचं ते धूड, जे गावोगावी दुधाचे कॅन लादून फिरायचं. त्यानं मडगार्ड कापले होते, सायलेन्सर उचलून सीटखालून काढला होता, दणका झेलणारे पुढचे शॉक लांबवले होते आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, वाढवून घेतला होता. मी हसलो. म्हैस घेऊन आलास काय रे, म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, म्हैस चिखलात बसते, फसत नाही. आदल्या रात्री पाऊस झाला होता. मी फसलो आणि तो बाजूनं निघून गेला.

तिथून तीस वर्षं आमचा वाद चालला, दर रविवारी, फोनवर. माझं म्हणणं दोनच गोष्टींचं. एक, तुझी म्हैस वळत नाही. दोन, ती गरम होते. वाढवलेला बोअर, बिडाचा सिलिंडर, तिसऱ्या फेरीत पिस्टन पकडणारच. पकडणं म्हणजे पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकून बसतो आणि इंजिन जागच्या जागी मरतं. चैतू म्हणायचा, नाई पकडत. माझ्या गाडीला तो नवरी म्हणायचा, कारण तिला दर आठवड्याला नटवावं लागतं. कधी कधी आम्ही मुलाबाळांची चौकशी करायचं विसरून जायचो, पण हा विषय विसरलो नाही. शेवटी ठरलं की रिटायर झाल्यावर दोघांनी एकाच ट्रॅकवर एकमेकांच्या गाड्या चालवायच्या आणि एकदाचा निकाल लावायचा.

तो रिटायर झाला, गावी गेला, तळ्याकाठी फेरी आखलीय म्हणाला. हिवाळ्यात ये, धान निघाल्यावर. आणि पावसाळ्यात तापानं वारला. म्हणजे तारीख त्यानंच दिली आणि त्यानंच मोडली. याला काय म्हणायचं?

दिवाळीनंतर त्याच्या बायकोचा, मैनीबाईचा फोन आला. धान निघाला की चैतूच्या नावाचा दगड उभा करतो आहोत, म्हणाली, आणि गाडीचं तुमच्याबिगर होत नाई, तुमी या. मी ताबडतोब समजलो की गाडी मला द्यायची आहे. दुसरं काय समजणार? माणूस गेला, गाडी गंजत पडलीय, आणि तिची नस न् नस ठाऊक असलेला एकच माणूस जिवंत आहे. ती म्हैस माझ्या गॅरेजात माझ्या नवरीशेजारी उभी करायची, एवढं एकच मनात घेऊन मी निघालो.

ऊर्जानगर

सोबत पुण्याचे दिलीपराव होते. दिलीपराव जुन्या मोटोक्रॉस गाड्या जमवतात. त्यांच्या शेडमध्ये परदेशातून आणलेल्यासुद्धा आहेत, काचेसारख्या पुसलेल्या, खाली गालिचा. पिकअप त्यांची म्हणून त्यांना घ्यावं लागलं, आणि ते आले कारण ही गाडी पुढेमागे माझ्याकडून काढून घेता येईल अशी त्यांना आशा होती. तसं ते बोलले नाहीत, पण मी काही दुधखुळा नाही.

कोल्हापूरपासून आम्ही भांडत आलो. त्यांचं मत असं की जुनी गाडी म्हणजे कारखान्यातून निघाली तशीच्या तशी. रंग मूळचा, नटबोल्ट मूळचे, शेवटचा वॉशरसुद्धा मूळचा. ज्यानं फ्रेम कापली त्यानं खून केला. मी म्हटलं, अहो मोटोक्रॉसची गाडी आहे ती, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण नव्हे. मागे दोन शॉक चांगले की मधोमध एक, यावर यवतमाळपर्यंत आमची जुंपली. दोन शॉकची गाडी खड्ड्यात कुल्ले हलवते, पण पुढे काय होणार ते आधी सांगते. एकाची गाडी गुळगुळीत जाते आणि मग एकदम फेकते. हे माझं मत. दिलीपरावांचं मत पुस्तकातलं होतं. वणीच्या पुढे मी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

ऊर्जानगरात धुराड्यांखाली चैतूचा जुना शेजारी भेटला, रामटेकेभाऊ, क्रेन चालवायचे, आता रिटायर. त्यांनी आम्हाला गेटसमोरच्या टपरीवर तर्री पोहे खायला घातले. आमच्याकडे मिसळीवर कट मागून घ्यायचा असतो, इथे साध्या पोह्यांवर न विचारता लालभडक रस्सा ओततात आणि वर कच्चा चिवडा टाकतात. पहिल्या घासाला नाकातून पाणी आलं. कोल्हापूरच्या माणसाच्या नाकातून पाणी आलेलं बघून रामटेकेभाऊंना फार समाधान वाटलं. नंतर सांबारवडी आली. मी सांबार शोधत राहिलो, तर इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. वडी मात्र अशी की मी बांधून घेतली.

कंपनीची बस सुटायची वेळ झाली होती, टपरीवर गर्दी होती, आणि चैतूच्या गाडीचा विषय निघाल्यावर सगळी टपरीच वादात उतरली. कुणी म्हणे चैतूची गाडी एकदम भारी, कुणी म्हणे आवाजानं झोप उडायची. रामटेकेभाऊंचं मत सगळ्यात निराळं. त्यांच्या मते मोटोक्रॉसला सगळ्यात चांगली गाडी म्हणजे स्कूटर, कारण स्टेपनी सोबत असते. शिवाय चैतूच्या गाडीला कॅरिअर नव्हतं, आणि जिला कॅरिअर नाही तिला ते गाडीच मानत नाहीत. मी अर्धा तास त्यांना समजावलं. ते मान हलवत ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, पण मंग पोतं कुठी ठेवाचं? माझं डोकं फिरलं. दिलीपराव मात्र पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले, त्यानं जास्तच फिरलं.

क्वार्टरांच्या मागे, राखेच्या ढिगांकडे जाताना जे मोकळं रान लागतं तिथे चैतू सराव करायचा. बघायला गेलो तर तिथे आता भिंत आहे. भिंतीला लाथ मारावीशी वाटली. वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक राख बसली होती. मैनीबाई चैतूला म्हणायची, तुमची गाडी धुराड्यापेक्षा जास्त धूर करते, तेवढं आठवलं आणि आम्ही परत फिरलो.

आष्टीचा पूल ते आलापल्ली

दुसऱ्या दिवशी सकाळी बल्लारपूर, गोंडपिंपरीवरून आष्टीला वैनगंगा ओलांडली. पुलाखाली पाणी कमी आणि वाळू जास्त, पण पात्र एवढं रुंद की पंचगंगा त्यात चार वेळा बसेल. पूल ओलांडला की साग सुरू होतो. आणि ट्रक. लोहखनिजाचे ट्रक, एकामागे एक, आणि त्यांनी दळून ठेवलेला रस्ता. सागाची मोठमोठी पानं दोन्ही बाजूंना लाल झालेली. एका खड्ड्यात पिकअप अशी आदळली की दिलीपरावांच्या थर्मासचा चक्काचूर झाला. त्या रस्त्यावर सायकलीवरून शाळेत जाणाऱ्या मुली बघितल्या, तोंडाला ओढण्या बांधून, ट्रक आला की खाली उतरून उभ्या राहणाऱ्या. मी ट्रकवाल्यांना शिव्या दिल्या, मग रस्ता करणाऱ्यांना दिल्या, मग न करणाऱ्यांना दिल्या. जंगल बघायला लोक इथे येतात म्हणे. मला त्या पट्ट्यात लाल धुळीपलीकडे काही दिसलं नाही.

आलापल्लीला पंक्चर काढलं. तिथल्या खाणावळीत भात, वरण आणि कोचईची भाजी मिळाली, म्हणजे आपल्या अळूचे कंद. पोळी मागितली तर मालकानं मला आजारी आहे की काय अशा नजरेनं बघितलं. आमच्याकडे भात शेवटी येतो, इथे भातच पहिला, भातच मधला आणि भातच शेवटचा. दिलीपरावांनी तेवढ्यात पुन्हा मूळ रंगाचा विषय काढला. चैतूच्या टाकीवर खालचा रंग शिल्लक असेल तर खरवडून काढता येईल, म्हणाले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की त्या टाकीला बोट लावाल तर इथून पुण्याला चालत जाल. त्यांनी भात पुढे ओढला.

आलापल्लीच्या पुढे ट्रक संपले. रस्ता अरुंद झाला आणि जंगल एकदम अंगावर आलं, हवा थंड झाली, आणि माझ्या मनात फक्त म्हैस राहिली. दोर आणला होता, लाकडी फळी आणली होती, टाकीला ओरखडा जाऊ नये म्हणून बायकोची जुनी गोधडी आणली होती.

चैतूचं गाव

गावात पोचलो तेव्हा मैनीबाई अंगणात धान पाखडत होती. तीस वर्षं फोनच्या मागून जिचा आवाज ऐकला ती समोर पहिल्यांदाच दिसली, बारीक चणीची, ताठ. रडली नाही. या भाऊ, म्हणाली, आणि तांब्या पुढे केला. मग जावा आणला, तांदळाच्या कण्यांची पातळ आंबूस पेज. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा, इथे आधी पोटाला थंडावा. प्रवासानं तापलेलं माझं डोकं थोडं निवळलं.

ते फार टिकलं नाही. गावाबाहेर मोहाच्या झाडांखाली दगड उभे आहेत, प्रत्येक गेलेल्या माणसाचा एक. काही पुरुषभर उंच, काही गुडघ्याएवढे. चैतूचा दगड नवा होता, सकाळीच उभा केलेला. त्याच्यापाशी त्याच्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या. बाजेचा एक पाय मोडलेला. स्टीलच्या डब्याला भोक पाडलेलं. छत्रीच्या काड्या वाकवलेल्या. त्याचं शर्यतीचं हेल्मेट, बरोबर मधोमध फोडलेलं. आणि या सगळ्यांच्या शेजारी म्हैस, दोन्ही चाकांवर उभी, पुसलेली, धडधाकट.

दिलीपराव धावतच गेले आणि गुडघ्यावर बसून इंजिनाचा नंबर वाचायला लागले. मी विचारलं, हेल्मेट कुणी फोडलं? मैनीबाई म्हणाली की त्याच्या भावानं. इथली रीतच तशी. माणसाच्या वस्तू त्याच्या सोबत जातात, पण त्या मोडून द्याव्या लागतात.

"इथी साबूत राह्यली त तिथी कशी जाईन?" ती म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. गाडीही मोडायची होती. चैतूच्या भावानं दिवाळीतच कुऱ्हाड उचलली होती, पण गावच्या भूमियांनी, म्हणजे गावाची रीत सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्यांनी, त्याला थांबवलं. ते म्हातारबाबा तिथेच दगडाला टेकून बसले होते. त्यांचं म्हणणं मैनीबाईनं मला मराठीतून सांगितलं. डब्याला भोक पाडलं की डबा मेला. पण ही वस्तू श्वास घेते. हिचं अंग फोडून भागायचं नाही, हिचा श्वास गेला पाहिजे, आणि तो कुठे असतो ते आम्हाला माहीत नाही.

"ते सांगत होते," मैनीबाई चैतूच्या दगडाकडे बघून म्हणाली, "या गाडीचं मरन कोल्लापूरवाल्याले मालूम हाय. तीस वर्षं तो तेच सांगून राह्यला. म्हणून तुमाले बोलावलं."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या मोहाखाली कळलं. हजारभर किलोमीटर आलो मी, गोधडी घेऊन, आणि मला खाटीक म्हणून बोलावलं होतं! मी नाही म्हणून सांगितलं. मग ओरडलोच. ही काय भंगारातली गाडी आहे काय, म्हटलं. हिची फ्रेम बघा, तीस वर्षं दगडांवर आपटून एक सांधा उसवला नाही. हिचा गिअरबॉक्स उघडून बघा. चिखलात एकही गाडी पुढे जात नव्हती तेव्हा ही जायची. पहिल्या गिअरला, कमी रेसवर, दम न सोडता ओढणारी अशी गाडी पुन्हा झाली नाही, आणि तुम्ही तिला मारायला निघालात? बोलता बोलता मला जाणवलं की मी चैतूची वाक्यं बोलतोय, रविवारची, शब्दन् शब्द. माझा माझ्यावरच संताप झाला.

आता दिलीपराव पुढे सरसावले. गोड आवाजात म्हणाले, बाई, ही गाडी माझ्या शेडमध्ये ठेवू, चैतूभाऊंच्या नावाची पाटी लावू, देशभरातून लोक बघायला येतील. तुम्हाला बदल्यात नवी कोरी स्कूटर देतो. मैनीबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. तिनं भूमियांना सांगितलं, त्यांनीही ऐकून घेतलं.

"आमाले गाडी नाई पायजे," मैनीबाई म्हणाली आणि तिनं दगडाकडे बोट केलं. "त्याईले पायजे."

मला तिचाही राग आला, भूमियांचाही आला.

बोडी

मी तरातरा निघालो आणि बोडीवर गेलो. बोडी म्हणजे भातशेतीसाठी राखलेलं लहान तळं. तिच्या काठच्या मातीच्या पाळीवरून चैतूनं आखलेली फेरी होती. पाळीवर चढ, तिथून रिकाम्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, उतार, बांधावरून एक उडी, मोहाच्या झाडाला वळसा आणि परत पाळ. फार हुशारीनं आखली होती. सगळी वळणं मोठ्या घेराची, कारण त्याची म्हैस वळत नाही हे त्यालाही ठाऊक होतं. लबाड लेकाचा. पाळीच्या खालच्या अंगाला, जिथे नांगर फिरत नाही, तिथे पावसाळा सरता सरता उमटलेला त्याच्या टायरचा चाकोरा वाळून दगडासारखा झाला होता. गोट्यान् गोट्या दिसत होत्या. मी त्याच्यावर बसून राहिलो, बराच वेळ. चैतूला मनात येतील त्या शिव्या दिल्या. एक फोन करून सांगता येत नव्हतं, बाबा, बरं वाटत नाही, लवकर ये?

उठलो तेव्हा काय करायचं ते ठरलं होतं, आणि त्याचाही मला रागच होता. परत जाऊन मैनीबाईला सांगितलं की ही गाडी कुऱ्हाडीनं मरणार नाही. ही चालतच मरेल. या जुन्या इंजिनांत पिस्टनला वंगण मिळतं ते पेट्रोलमधून. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून टाकी भरायची. नुसतं पेट्रोल घातलं आणि गाडी ताणली की पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि कायमचा पकडतो. तोच हिचा श्वास. मैनीबाईनं भूमियांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि काठी टेकत बोडीकडे चालायला लागले. सगळं गाव मागोमाग निघालं.

दुकानातून बाटलीतलं पेट्रोल आणलं. टाकीतलं जुनं, चैतूनं मिसळलेलं पेट्रोल मी सोडून दिलं. निळसर होतं ते, त्याचा हात ऑइलला नेहमी सढळ. कार्बोरेटर उघडून साफ केला, प्लग पॉलिश पेपरनं घासला. दिलीपराव म्हणाले, तुम्ही खून करताय. मी म्हटलं, तुम्ही गाडीत बसून काचा वर करा. ते मात्र गेले नाहीत. मी किक मारताना त्यांनी हँडल धरलं, आणि तीन-चार किकांत म्हैस उठली. तो आवाज मी तीस वर्षांपूर्वी पाठीमागून ऐकला होता, मग पुढून. गावातली पोरं ओरडली. मैनीबाईनं पदर तोंडाशी नेला.

पहिली फेरी. म्हैस वळत नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे. झाडाच्या वळणावर पुढचं चाक सरळच जायला बघत होतं, मला अख्खं अंग टाकून तिला ओढावं लागलं. बांधावरून उडी घेतली तर शॉक तळाला आपटून दात वाजले. मी हँडलवर वाकून ओरडलो, सांगत होतो ना, सांगत होतो ना मी! दुसऱ्या फेरीत मुद्दाम पिळली. पाळीच्या चढावर खालच्या गिअरला पूर्ण रेस दिली. सिलिंडरची धग मांडीला लागायला लागली. ऑइल नाही, गार वारा नाही, वाढवलेला बोअर. आता तिसरी फेरी, बेट्या, आता बघ.

तिसरी फेरी गेली. पकडली नाही.

माझा विश्वास बसेना. टाकीत थोडं ऑइल राहिलं असेल म्हणून आणखी पिळली. चौथीही गेली. गाव पाळीवर ओळीनं बसलं होतं आणि दर वेळी मी समोरून गेलो की भूमिया काठी वर करत होते. मग मी फेऱ्या मोजणं सोडलं. आवाज धातूसारखा झाला, कोरडा, खणखणीत, आणि तरी ती ओढत होती, दम न सोडता, पहिल्या दिवसासारखी. मी चैतूला शिव्या देत होतो, रडत होतो, आणि पकड ना गं, पकड, म्हणून गाडीला ओरडत होतो. तिला मारायला आलो होतो आणि ती मरू नये असं मला वाटत होतं. दोन्हींचा राग येत होता.

शेवटी पाळीच्या चढावर इंजिनातून एक बारीक किंचाळी निघाली, मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि मी हँडलवरून उडून थेट बोडीच्या चिखलात पडलो. म्हैस पाळीवर आडवी झाली. सगळं गाव हसलं. दगड उभा करायच्या दिवशी असं पोट धरून हसतात हे मला नवीन होतं. आमच्याकडे तेराव्याला कुणी हसलं तर वर्षभर नावं ठेवतात. दिलीपराव पँट वर न करता चिखलात उतरले आणि त्यांनी मला हात दिला.

गाडी न्यूट्रल करून आम्ही दोघांनी ती ढकलत मोहापर्यंत नेली. गरम इंजिन टिकटिक करत होतं. चैतूच्या दगडाला टेकवून उभी केली. भूमियांनी वाकून सिलिंडरपाशी हात नेला, थोडा वेळ धरला, आणि मग मैनीबाईकडे बघून हो म्हणाले. गोधडी सोबत होती, ती मैनीबाईला दिली. रात्री भात, अंबाडीची भाजी आणि सुके मासे जेवलो. दिलीपराव दोनदा भात घेऊन जेवले.

सकाळी निघताना मी एकटाच दगडाशी जाऊन आलो. एकटा म्हणजे मैनीबाई मागून आली. काल गाडीवर काय ओरडत होतात, तिनं विचारलं. मी म्हटलं, शिव्या देत होतो. ती म्हणाली, ते सांगतच होते, गाडी शंभर फेऱ्या मारन, पन कोल्लापूरवाला कबूल नाई करणार.

"नाहीच करत," मी दगडाला सांगितलं. "बिनऑइलच्या फेऱ्या धरत नाहीत, चैतू. शर्यतीचा नियम आहे. आणि तुझी म्हैस वळत नाही. कालही वळली नाही."

असा नियम कुठे नाही, हे त्यानं लगेच मला सुनावलं असतं. मी थांबलो. मोहाखाली कुणी काही बोललं नाही. तीस वर्षांत शेवटचा शब्द पहिल्यांदाच माझा झाला, आणि रविवार आला की मला प्रश्न पडतो, असला शेवटचा शब्द घेऊन मी काय करू, चुलीत घालू?